रिव्हॉल्व्हर घेऊन पस्तावलो, आता पिस्तूल घेऊ का?

फैजपूरकडच्या एका केळीवाल्या भाऊंनी विचारलंय. चार वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून परवाना मिळाला, दीडेक लाख घालून ०.३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. रेंजवर नेलं तर सात मीटरवरून सहापैकी दोनच गोळ्या पुठ्ठ्याला लागल्या. चाप इतका जड की बोट दुखतं. ‘हे विकून पिस्तूल घेऊ का? आणि तुमच्याकडे येणाऱ्यांत असे पस्तावलेले अजून कोणकोण आहेत, तेही सांगा.’

भाऊ, विकू नका. निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी नको. का ते सांगतो. लांबण लागेल, पण तुम्ही पस्तावलेल्यांची यादीच मागितलीय, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

मी राज्य राखीव पोलीस दलात, धुळ्याला आर्मोरर, म्हणजे दलाची हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्त झाल्यावर एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. ‘खराब निघालं’ म्हणून जी हत्यारं माझ्यासमोर येतात त्यातल्या बऱ्याचशा हत्यारांना काहीच झालेलं नसतं. आपल्याकडे माणूस बैल घेताना दात बघतो, खांदा चाचपतो, गाडीला जुंपून दोन फेऱ्या मारून बघतो. चप्पल घेतानासुद्धा दुकानात चार पावलं टाकतो. रिव्हॉल्व्हर मात्र कमरेला लावून, वरून शर्ट सोडून, आरशात बघून घेतो. मग ते हातात धरायची वेळ येते तेव्हा परकं वाटतं.

आता तुमचा जड चाप. रिव्हॉल्व्हर दोन तऱ्हेने चालतं. मागचा घोडा अंगठ्याने ओढून बसवला आणि मग चाप दाबला, तर काम फक्त घोडा सोडण्याचं असतं, म्हणून चाप हलका लागतो. घोडा न ओढता सरळ चाप खेचला, तर तेच एक बोट काडतुसांची चकरी फिरवतं, घोडा मागे नेतं, स्प्रिंग दाबतं आणि शेवटी सोडतं. या दुसऱ्या तऱ्हेत चांगल्या रिव्हॉल्व्हरलासुद्धा चारपाच किलोचा जोर लागतो, आणि नवं, न रुळलेलं असेल तर त्याहून जास्त. हत्याराचं स्वतःचं वजन अर्धा-पाऊण किलो. पाऊण किलोची वस्तू हातात अधांतरी धरून तिच्यावर पाच किलोचा जोर एका बोटाने लावायचा आणि ती तसूभर हलू द्यायची नाही, हे काम आहे. सवयीशिवाय कुणालाही जमत नाही. मलाही पहिल्या वर्षी जमलं नव्हतं, आणि मला तर सरकार पगार देत होतं.

त्यात नळी आखूड. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात जेमतेम बारा सेंटिमीटर अंतर. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तरी दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर बाजूला जाते. त्रैराशिकच आहे. शाळेत केलेलं असतं, कमरेला लावताना आठवत नाही. चाप झटक्याने ओढला की माशी एक नाही, चारपाच मिलिमीटर हलते. म्हणून सातापैकी... चुकलो, सहापैकी चार गोळ्या पुठ्ठ्याबाहेर गेल्या. हत्याराच्या माशी-खाचेत खोट असती तर गोळ्या बाहेर गेल्या तरी एका बाजूला घोळक्याने गेल्या असत्या. तुमच्या कुठे गेल्या, ते पुढच्या वेळी मोठा कागद लावून बघा. खाली आणि डावीकडे पसरल्या असतील आणि तुम्ही उजव्या हाताचे असाल, तर ते बोटाचं काम, कारखान्याचं नव्हे.

एक गोष्ट मात्र करू नका, ती म्हणजे स्प्रिंग कापणं. जामनेरकडच्या एका गृहस्थांनी चाप हलका करायला ओळखीच्या लेथवाल्याकडून घोड्याच्या स्प्रिंगला कानस मारून घेतली. चाप लोण्यासारखा झाला, गडी खूश. पुढच्या खेपेला सहापैकी दोन काडतुसं उडालीच नाहीत. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर पिनेची खूण इतकी उथळ की नखाला लागत नव्हती. घोड्याला टोपी फोडण्याइतकी धडकच उरली नव्हती. त्यांनी मला विचारलं, ‘अण्णा, काडतुसं जुनी निघाली का?’ काडतुसं नवी होती. आणि आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, म्हणजे तो लेथवालाही अडकला असता. नवी स्प्रिंग कारखान्यातून यायला किती महिने गेले ते सांगत नाही, त्यांना वाईट वाटेल.

तुमच्यासाठी उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. डमी, म्हणजे बिनदारूची काडतुसं घ्या. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. चकरी उघडून दोनदा बघा, बोटाने चाचपा. मग मागे पक्की भिंत असलेल्या जागी, माशीवर नजर ठेवून, रोज वीस वेळा सावकाश चाप ओढा. घोडा सुटताना माशी हलायची थांबली की रेंजवर जा. दोन महिन्यांत चापही थोडा रुळतो आणि बोटही. यातलं कोण जास्त रुळतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता पिस्तूल. ते घेऊन तुम्हाला नक्की काय जास्त मिळणार? ९ मि.मी., ०.३८, ०.४५ हे सगळे बोअर, म्हणजे नळीची मापं, आपल्या कायद्यात प्रतिबंधित. सामान्य परवान्यावर जवळपास ०.३२ नाहीतर ०.२२ एवढंच उरतं. ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या वर, पण जरा सावकाश जाते. ०.३२ च्या पिस्तुलाची ७१ ग्रेनची, साडेचार ग्रॅमच्या आसपास, पण वेगाने जाते. शेवटी दोघींची ताकद जवळजवळ सारखीच पडते. म्हणजे तुम्ही ताकद बदलत नाही, फक्त यंत्र बदलता. आणि पिस्तुलाचं यंत्र जास्त नाजूक.

०.३२ पिस्तुलाचं काडतूस अमेरिकन हत्यारकार ब्राउनिंगने १८९९ च्या सुमाराला काढलं. त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे अडकली, की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, कितीही ओढा, वरचं काडतूस पुढे सरकत नाही. घाईघाईत मॅगझिन भरणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं. शिवाय मॅगझिनचे ओठ जरा वाकले, स्प्रिंग थकली, मनगट सैल धरलं, कपाशीची तूस आत गेली, यातलं काहीही झालं तरी पिस्तूल अडतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तूल अडलं तर ते मोकळं करायची एक ठरलेली रीत असते, आणि ती घामाघूम अवस्थेत आपोआप हातात यावी लागते. तुम्ही म्हणताय चापच जड लागतो. स्लाइड ओढून बघितलीय का कधी? दुकानात जाऊन एकदा ओढून बघा आणि मग मला फोन करा.

पिस्तुलावरून धुळ्याचे एक ठेकेदार आठवले. परदेशी हत्यारांची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. तेव्हापासून जी जुनी जर्मन, इंग्रजी, अमेरिकन हत्यारं देशात आहेत तीच हातोहात फिरतात, आणि त्यांच्या किमती जळगावच्या सोन्यासारख्या, चढतच्या. या दादांनी मुंबईच्या एका कुटुंबाकडून आजोबांच्या वेळचं जर्मन पिस्तूल घेतलं. किंमत सांगायला ते आजही लाजतात. दिसायला काय देखणं! मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. उघडलं तर नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या मे महिन्यातल्या पांझरेच्या पात्रासारख्या, असून नसल्यासारख्या. स्लाइड परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग मूळची, म्हणजे माझ्या वयाची. मॅगझिन एकच, आणि दुसरं कुठे मिळत नाही. तिसऱ्या गोळीला हमखास अडायचं. मी स्प्रिंग बदलून, ओठ सारखे करून ते पाचव्या गोळीवर नेलं. त्यापुढे माझी विद्या संपली. आता ते तिजोरीत आहे आणि दसऱ्याला त्याची पूजा होते. हत्यार म्हणून नाही, पण वारसा म्हणून छान आहे.

जुनं हत्यार घ्यायचंच असेल तर नावाआधी नळीत उजेड पाडून बघा. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून घोडा चढवा आणि चकरी डावी-उजवी हलवून बघा. खुळखुळली तर सोडून द्या. हत्यारावरचा नंबर परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळवा. घासलेला, पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर किंमत न विचारता उठा.

छोट्या हत्याराचा मोह हा आणखी एक प्रकार. ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा पेपरात फार गाजलं. महिलांसाठी, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, आणि किंमत १,२२,३६०. माझी बायको बातमी वाचून म्हणाली, एवढ्यात तर बाईला घरात चार तोळे... असो, सोन्याचा भाव तेव्हाचा वेगळा होता. हलकं म्हणजे सोपं, हा समज तेव्हापासून पक्का झाला. कमरेला सोपं, हे खरं. हाताला नाही. वजन कमी असलं की तोच जड चाप हत्याराला जास्त हलवतो, आणि झटकाही जास्त जाणवतो. सराफ बाजारातल्या एका शेटजींनी सगळ्यात लहान मूठ बघून घेतलं, खिशात बसावं म्हणून. त्यांचा पंजा पैलवानाचा. मुठीवर दोन बोटं बसायची, करंगळी हवेत. दर गोळीनंतर हत्यार हातात फिरायचं. शेवटी जाड रबरी मूठ बसवली तेव्हा नेम लागायला लागला, पण मग ते खिशात मावेना.

उलट टोकाचंही सांगतो. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर काढलं. त्यांच्या आधीच्या रिव्हॉल्व्हरची धाटणी ‘वेब्ली’ या इंग्रजी रिव्हॉल्व्हरवरून आलेली, मधून मोडून उघडणारी. ‘प्रबल’ची चकरी बाजूला उघडते, वजन ६७५ ग्रॅम. चकरी बाजूला उघडणं ही खरी सोय आहे, भरायला आणि तपासायला दोन्हीला. पण लोक ते विचारतच नाहीत. ते विचारतात ‘पन्नास मीटर मारतं म्हणे?’ भाऊ, ५० मीटर हा हत्याराचा पल्ला झाला. तुमचा पल्ला सध्या सात मीटरवर सहाला दोन आहे.

०.२२ बद्दल थोडक्यात. सरावाला उत्तम. गोळी अडीच ग्रॅमची, झटका नाही. पण त्या काडतुसात मसाला बुडाच्या कडेत असतो, मधल्या टोपीत नाही, त्यामुळे न उडण्याचं प्रमाण जास्त. एकच हत्यार ठेवणार असाल तर ते ०.२२ नसावं, असं माझं मत.

यावल-रावेर पट्ट्यातले अर्धे लोक जे कारण सांगतात ते तर सगळ्यात चुकीचं: रानडुकरं आणि बिबट्या. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा माझ्याकडे चौकशीचा पाऊस पडला. भाऊ, केळीच्या बागेत रात्री हाताभरावर काय आहे ते दिसत नाही. ०.३२ ची गोळी रागावलेल्या डुकराला थांबवत नाही, चिडवते. बिबट्याला गोळी घालणं हा तर वन्यजीव कायद्याखाली मोठा गुन्हा. डुकरासाठीही वनखात्याची रीतसर परवानगी लागते. पीकसंरक्षणासाठी परवान्याचा नमुनाच वेगळा आहे, आणि ते काम लांब नळीच्या बंदुकीचं. मळ्यात राहणाऱ्या सालदाराला मी बॅटरी, कुंपण आणि दोन चांगली कुत्री सांगतो. त्यावर दुकानाचे मालक माझ्याकडे बघतात, पण बोलत नाहीत.

०.३२ आणि ०.३२ हे एक नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि पूर्ण कडेचं, पिस्तुलाचं आखूड. काही रिव्हॉल्व्हरांच्या कोठ्यांत, म्हणजे चकरीतल्या भोकांत, पिस्तुलाचं काडतूस जाऊन बसतं, म्हणून लोकांना ते चालतं असं वाटतं. चालवू नये. एकाने भाच्याच्या परवान्यावरची काडतुसं आणून आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरली होती. दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसं वापरणं हा गुन्हा तर झालाच, वर दोन रिकाम्या पुंगळ्या कोठीत अशा चिकटल्या की ठोकून काढाव्या लागल्या. पितळेची एक बाजू फुगून फाटली होती. बाकी काही झालं नाही, हे त्याचं नशीब.

काडतुसांवरून निघालंच आहे तर आपल्या उन्हाबद्दल बोलतो, कारण हे पुण्या-मुंबईचे जाणकार सांगणार नाहीत. भुसावळ-जळगावचा मे ४५ अंशांवर जातो. त्यात हत्यार गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, नाहीतर दिवसभर कमरेला, घामाने भिजलेल्या बनियनला चिकटून. घामातलं मीठ लोखंडाला सरळ खातं. रात्री काय करतात, तर तसंच ओलसर चामड्याच्या म्यानात घालून कपाटात. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ओल मिळून पहिल्या पावसाळ्यात नळीवर लाल पुळ्या येतात, आणि दोष जातो ‘पॉलिश हलकं होतं’ या वाक्याकडे. हत्यार म्यानात ठेवायचं नाही. पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून, सुती कपड्यात, कुलपात. पातळ म्हणजे पातळ. भज्यांसारखं तळून ठेवलेलं एक आलं होतं. तेल चकरीतून काडतुसाच्या टोपीत मुरलं होतं, सहापैकी तीन फुसकी.

आणि तीच सहा काडतुसं पंधरा-पंधरा वर्षं! परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती ते लिहिलेलं असतं, पण लोक कोटा शिलकीत टाकतात, जणू बँकेत व्याज मिळणार. आपल्या वरणगावात लष्करी रायफलींची काडतुसं बनतात, म्हणून ‘काडतूस काय, घरचीच वस्तू’ अशी इकडे एक बेफिकिरी असते. ०.३२ ची खोकी बहुधा खडकीच्या कारखान्याची येतात, बुडावर ‘केएफ’ असतं. खोक्यावरचं साल बघून घ्या, आणि जुनी काडतुसं दरवर्षी रेंजवर संपवून नवी आणा. सरावही होतो.

हत्यार चांगलं, नेम चांगला, तरीही पस्तावलेले एक तात्या आहेत. रावेरचे, केळीच्या वसुलीसाठी सतत बऱ्हाणपूरला जाणारे. रोख रक्कम जवळ असते, म्हणून हत्यार घेतलं. परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र. म्हणजे ज्या रस्त्यावर भीती, त्याच रस्त्यावर हद्दीपलीकडे ते बेकायदा. शिरपूरहून सेंधव्याला आणि नवापूरहून सुरतेकडे जाणाऱ्यांचंही तेच. अर्ज करतानाच क्षेत्र वाढवून मागायला हवं होतं, का लागतं त्याच्या पुराव्यानिशी. आता ते हत्यार घरी ठेवून जातात आणि पैसे बँकेतून मागवतात. मला विचाराल तर पहिल्यापासून तेच करायला हवं होतं.

निवडणूक आली की बऱ्याच जणांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. कोरडं करून, नळीत तेलाचा बोळा फिरवून द्या आणि पावती सांभाळा. हळदीला-वरातीला ते घरीच राहू द्या. आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाने हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि परवाना जातो तो वेगळाच.

‘मग त्यापेक्षा चोपड्याच्या वरून एक आणून ठेवतो, वीस हजारात काम’ असं म्हणणारेही भेटतात. गावठी हत्यारांमुळे गाजणाऱ्या, सातपुड्यातल्या उमर्टीचं नाव पेपरात वाचून त्यांना ती हत्यारांची पेठ वाटते. पोलिसात असताना जप्तीची असली कितीतरी हाताळली. बाहेरून पॉलिश आरशासारखं, आत नळीला धड आट्या नाहीत, कोठीचं पोलाद कसलं ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. एकाची स्लाइड मागे सुटून गालात गेलेली मी पाहिलीय. वर आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली किमान दोन वर्षं. यावर जास्त बोलत नाही.

तर तुमचं विकण्याचं. खासगी हत्यार विकायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि पुढे किमान ४५ दिवस थांबायचं. घेणाराही परवानेवाला हवा, त्याच्या परवान्यावर जागा हवी. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं. आणि चार महिन्यांच्या रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारेल? ‘का विकताय?’ तुम्ही सांगणार, चाप जड आहे. मग भाव तो ठरवणार.

दुसरी जागा मोकळी आहेच, तर मळ्यातल्या घरासाठी पुढेमागे बारा बोअरच्या बंदुकीचा विचार करा. पण तोही डमीवर दोन महिने बोट घासल्यानंतर. तोवर मोठा कागद लावून तीन वेळा सहा-सहा झाडा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. कागदावर तारीख टाका, फेकू नका. ते तिन्ही कागद, मूळ परवाना आणि रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात या. काडतुसं घरी ठेवा. सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.